पोळे पिळतात, मोहोळ उठते : पवनीच्या स्तूपापासून एका शब्दाचा माग

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेकाठचे गाव इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते ते तिथल्या प्राचीन तटामुळे आणि स्तूपांमुळे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या कामाने जगन्नाथ टेकडीखालचा स्तूप उजेडात आणला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे, म्हणजे वेदिकेचे, अवशेषही हाती आले. त्यांतला एक खांब विशेष प्रसिद्ध आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा वेदिकास्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावर फणा उभारलेला नागराज मुचलिंद आहे आणि बुद्धाचे आसन आहे. आसनावर मात्र कोणी नाही, कारण त्या काळी बुद्धाची मानवी आकृती कोरण्याची रीत नव्हती. रिकामे आसनच बुद्धाचे अस्तित्व सांगते.

कथा परिचयाची आहे. बोधिप्राप्तीनंतर बुद्ध मुचलिंद वृक्षाखाली बसले असता अवकाळी पाऊस लागला. तेव्हा नागराजाने त्यांच्या देहाभोवती वेटोळी घालून डोक्यावर फणा धरला आणि सात दिवस त्यांचे रक्षण केले. पवनीच्या शिल्पकाराने नेमका हा क्षण निवडला. मात्र विनयपिटकातील महावग्गात ही कथा वाचणाऱ्याने पुढच्या परिच्छेदाकडेही पाहावे. पाऊस ओसरतो, बुद्ध तिथून उठून राजायतन वृक्षाखाली जातात आणि तिथे तपुस्स आणि भल्लिक हे उक्कल देशाहून प्रवास करत आलेले दोन व्यापारी त्यांना भेटतात. बोधीनंतर बुद्धांना मिळालेले पहिले अन्न त्यांच्या हातचे आहे. ते म्हणजे मन्थ आणि मधुपिण्डिका, सातूसारखे पीठ आणि मधाचे गोळे. त्या वेळी बुद्धांपाशी भिक्षापात्रही नव्हते. चार दिशांच्या चार महाराजांनी चार दगडी पात्रे आणून दिली, असे ग्रंथ सांगतो. पवनीच्या दगडावरचा पाऊस आणि ग्रंथातला मध यांच्यामध्ये अंतर आहे ते एवढेच.

हा मध कोठून आला, हे ग्रंथ सांगत नाही. व्यापाऱ्यांच्या गाड्यांत तो आधीच गाळलेला, पिठात कालवलेला, गोळा केलेला आहे. त्याच्यामागचे झाड, फांदी, फांदीला लोंबणारे पोळे आणि त्या पोळ्यातले रहिवासी कथेत कोठेच नाहीत. मधाच्या इतिहासात हे वारंवार घडते. मध नोंदींत राहतो, पोळे नोंदींतून गळते. ते गळू नये यासाठी भाषेने काही शब्द जपून ठेवले आहेत. ते शब्द आज एकमेकांत मिसळून टाकले जात आहेत, आणि या धाग्याचा वाद त्याच्याशीच आहे.

इंग्रजीतल्या ‘हनीकोंब’चा अर्थ मराठीत शोधला तर बहुधा तीन शब्द स्वल्पविरामांनी जोडून समोर येतात : पोळे, मोहोळ, छत्ता. शेवटचा हिंदीचा, नागपूर-भंडाऱ्याकडे हिंदीच्या शेजारामुळे तो मराठी बोलण्यातही सहज येतो. पहिले दोन अस्सल मराठी आहेत. ते समानार्थी आहेत असे शाळेत शिकवले जाते आणि परीक्षेपुरते ते चालतेही. पण शब्द खरोखर समानार्थी आहेत की नाहीत हे त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून तपासावे. पोळे कापतात, फोडतात, पिळतात. मोहोळ बसते आणि उठते. ‘लागणे’ दोघांनाही चालते, परंतु ‘पोळे उठले’ असे मराठी माणूस म्हणत नाही आणि ‘मोहोळ पिळले’ हेही कानाला खटकते. पोळे ही वस्तू आहे : मेणाची, षट्कोनी घरांची, हातात धरता येणारी. मोहोळ ही वस्ती आहे. तिच्यात मेणही आले, मधही आला, पण मुख्यतः माश्या आल्या. त्या रागावल्या की मोहोळ उठते, त्या निघून गेल्या की मागे उरते ते पोळे.

म्हणूनच ‘आठवणींचे मोहोळ’ उठते, ‘विचारांचे मोहोळ’ उठते. आठवणींचे पोळे कोणाच्या मनात लागल्याचे ऐकिवात नाही. लाक्षणिक वापरात शब्द आपले खरे स्वरूप लपवू शकत नाही. ‘आग्या मोहोळ’ म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याला मेण आठवत नाही, माश्या आठवतात. उलट गोडाच्या सगळ्या वाक्प्रचारांत, ‘मधाचे बोट लावणे’ यासारख्यांत, माशी पूर्णपणे गायब आहे.

‘मोहोळ’ या शब्दाच्या पहिल्या भागात ‘मधु’ आहे. प्राकृतात ‘मधु’चे ‘महु’ होते. त्याच वाटेने ‘मधूक’ या झाडाचे नाव ‘महुअ’ होत होत मराठीत ‘मोह’ झाले. झाडीपट्टीत हे दोन शब्द जवळजवळ नांदतात : फुले वेचायची तो मोह, आणि वर पाहून जपून जायचे ते मोहोळ. भंडारा जिल्ह्यातच मोहाडी नावाचा तालुका आहे आणि त्या नावात मोहाच्या झाडाचा आवाज ऐकू येतो. गोडवा एकच, नावे दोन. एक झाडाला मिळाले, दुसरे वस्तीला.

इतर भाषांनी पोळ्याकडे कसे पाहिले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजीने त्यात कंगवा पाहिला, कारण ‘कोंब’ म्हणजे दात असलेली फणी. जर्मन भाषेतील ‘वाबे’ या शब्दाचे नाते विणण्याशी आहे. बंगालीतला ‘मौचाक’ म्हणजे मधुचक्र. कन्नडमध्ये ‘जेनुगूडु’, म्हणजे मधाचे घरटे. संस्कृतात मधुकोश, मधुपटल, मधुगोल असे बरेच शब्द आहेत आणि त्यांच्या शेजारी ‘छत्र’ही उभे आहे. हिंदीचा छत्ता त्याच छत्रातून आला. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘छात्र’ नावाचा एक आहे आणि छत्रीच्या आकाराच्या पोळ्यातून तो मिळतो असे पुढच्या वैद्यकग्रंथांत स्पष्ट केलेले आहे. स्तूपाच्या माथ्यावरही छत्रच असते. या योगायोगातून कोणी मोठा सिद्धान्त उभारू नये. पण उलट्या घुमटासारखे लोंबणारे पोळे पाहून ज्याला छत्र आठवले, त्याची नजर साधी नव्हती.

वरच्या यादीत कंगवा, चक्र, गोल, पटल, छत्र ही सगळी आकाराची नावे आहेत. रहिवाशांची जाणीव कन्नडच्या घरट्यात आहे आणि मराठीच्या मोहोळात आहे. ही जाणीव केवळ भाषेची मौज नव्हे. या देशातल्या दोन मोठ्या धर्मपरंपरांनी मधाचा प्रश्न नेमका याच ठिकाणी येऊन सोडवायचा प्रयत्न केला.

पहिली परंपरा पवनीच्या स्तूपाची, म्हणजे बौद्धांची. भिक्षूंना औषध म्हणून पाच पदार्थ चालत : तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी. ते सात दिवसांपर्यंत जवळ ठेवता येत. म्हणजे मध निषिद्ध नव्हता. परंतु धम्मपदाच्या अट्ठकथेत पारिलेय्यक वनाची एक कथा येते. कोसंबीचे भिक्षू आपसांत भांडत राहिले तेव्हा बुद्ध त्यांना सोडून एकटे या वनात राहिले. एक हत्ती त्यांची सेवा करी. ते पाहून एका माकडालाही काही द्यावेसे वाटले. माश्या नसलेले एक पोळे त्याला दिसले. त्याने ते फांदीसकट मोडून आणले आणि केळीच्या पानावर ठेवून बुद्धांपुढे धरले. बुद्धांनी ते घेतले, पण खाल्ले नाही. माकड बुचकळ्यात पडले. त्याने पोळे उलटसुलट करून पाहिले, तेव्हा त्यात अंडी दिसली. ती त्याने हळूच बाजूला काढली आणि पोळे पुन्हा दिले. तेव्हा बुद्धांनी मध खाल्ला.

या कथेचे सगळे मर्म त्या उलटसुलट करून पाहण्यात आहे. वरून ते रिकामे पोळे होते, माश्या उडून गेलेल्या होत्या. आत मात्र अजून घर होते. मराठीत सांगायचे तर माकडाने आणले ते पोळे, आणि बुद्धांनी पाहिले ते मोहोळ.

इथे तरुण वाचकांनी एक गोष्ट सांभाळावी. ही अट्ठकथा आज ज्या रूपात आहे ते रूप साधारण पाचव्या शतकातले आहे. पवनीचा मुचलिंद त्याहून पाच-सहाशे वर्षे जुना. तेव्हा पवनीच्या वेदिकेला दान देणाऱ्यांनी माकडाची ही कथा अशीच ऐकली होती, असे विधान करता येत नाही. समाजमाध्यमांवर असे दुवे एका वाक्यात जोडले जातात आणि हजारो लोक ते पुढे पाठवतात, ते टाळावे. म्हणता येते ते एवढेच की माकडाच्या मधुदानाची एक कथा जुनी आहे, कारण सांचीच्या उत्तर तोरणावर ती कोरलेली आहे. पण तिथल्या माकडाच्या हातात पात्र आहे. पात्रात मध असतो, पोळे नसते, आणि म्हणून तिथे अंड्यांचा प्रश्नही उद्भवत नाही. पात्राच्या जागी पोळे आले आणि कथेत नीतीचा प्रश्न शिरला. दानाची वस्तू बदलली की कथेचा अर्थ कसा बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुसरी परंपरा जैनांची. तिने हा प्रश्न अधिक कठोरपणे सोडवला. श्रावकाच्या मूळ गुणांत मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग सांगितला आहे; मध त्या यादीत दारू आणि मांसाच्या शेजारी बसतो, हे पाहून अनेकांना नवल वाटते. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात याचे कारण मांडले. त्यांनी पळवाटही बुजवली. पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेतला तर काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यावर त्यांचे उत्तर असे की त्यातही हिंसा आहे, कारण त्या पोळ्याच्या आश्रयाने राहणारे जीव त्यात मरतात. पोळ्याला ते ‘मधुगोल’ म्हणतात. शब्द आकाराचा आहे, पण त्यांच्या युक्तिवादाचा सगळा भार ‘आश्रय’ या कल्पनेवर आहे. हे मत सर्वांना पटेल असे नाही. मात्र पोळे हा साठा नसून निवारा आहे, ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी मांडली.

मध काढून घेतल्यावर जे उरते त्याला संस्कृतात नाव आहे ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मधाचे उष्टे. मराठीतले ‘उष्टे’ याच ‘उच्छिष्टा’तून आले आहे. ‘मेण’ हा शब्द ‘मदन’, ‘मयण’ असा उतरत आलेला आहे. उष्टे म्हटले की टाकून द्यायची वस्तू वाटते. प्रत्यक्षात भारतीय कलेच्या इतिहासात या उष्ट्याने जे केले ते मधाला जमले नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची मधूच्छिष्ट-विधी दिली आहे. आधी मूर्ती मेणात घडवायची. तिला मेणाच्याच नळ्या जोडायच्या. मग मातीचे लेप एकावर एक द्यायचे आणि प्रत्येक लेप सावलीत वाळवायचा. नंतर साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते, आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. धातू किती घ्यायचा हे मेणाच्या वजनावरून ठरते : चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट. म्हणजे मूर्तिकाराच्या तराजूत पहिले वजन पडते ते मधमाशीच्या कामाचे.

विदर्भात धातूच्या बुद्धमूर्ती सापडल्या आहेत. रामटेकजवळच्या हमलापुरी येथील वाकाटककालीन कांस्यमूर्ती त्यांत सर्वांत नावाजलेल्या. अशा मूर्तींपुढे उभे राहणारा पाहणारा वस्त्राच्या चुण्या पाहतो, हाताची मुद्रा पाहतो. मूर्तीच्या जागी आधी मेण होते, ते मेण कोणीतरी रानातून आणले होते, ते आणताना बहुधा पोळ्याखाली धूर केला होता आणि त्या धुरात एक वस्ती उठली होती, हे फलकावर लिहिलेले नसते. फलकावर धातू असतो, काळ असतो, राजवंश असतो. मेण वितळून गेले तसे मेण आणणारेही वाहून गेले.

पोळ्याच्या शब्दाचे आधुनिक काळात काय झाले तेही थोडक्यात पाहावे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात लेण्यांनी भरलेल्या डोंगराला पोळ्याची उपमा सर्रास दिली जाई. मराठीत तोच डोंगर ‘लेण्यांनी पोखरलेला’ झाला. उपमा बदलली आणि निवाडाही बदलला, कारण पोखरते ती वाळवी किंवा घूस. मधमाशी पोखरत नाही, बांधते. ज्या कारागिरांनी कातळात खोल्या कोरल्या त्यांच्या वाट्याला वाळवीची उपमा यावी, हे अन्यायाचे आहे. बांधकामावर तर ‘हनीकोंब’ हा शब्द दोषाचाच झाला आहे : काँक्रीट नीट दाबले न गेल्यामुळे राहिलेल्या पोकळ्यांना तिथे तसे म्हणतात. जगातले बहुधा सर्वांत काटेकोर बांधकाम, आणि त्याचे नाव मिळाले ढिसाळ कामाला! कमीत कमी भिंतीत समान घरांची विभागणी करायची तर षट्कोनच सर्वांत काटकसरीचा, ही गोष्ट गणिताने पूर्णपणे सिद्ध केली ती १९९९ मध्ये. त्याची अटकळ प्राचीन ग्रीकांपासून होती.

विसाव्या शतकात पोळ्याला लाकडी चौकट मिळाली. चौकटीची पेटी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली आणि थोड्याच वर्षांत फिरवून मध काढण्याचे यंत्रही आले. आता पोळे न पिळता मध काढता येऊ लागला. रिकामी चौकट पुन्हा पेटीत ठेवता येऊ लागली. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला आपल्या उद्योगांत स्थान दिले ते याच कारणाने. मध आणि अहिंसा यांचा जुना वाद विदर्भातच एका लाकडी पेटीने बराचसा मिटवला. बराचसा म्हणायचे ते यासाठी, की पेटीत राहायला तयार होते ती सातेरी माशी. झाडांच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधण्याची तिची सवयच आहे. आग्या माशी पेटीत येत नाही. तिला उघडी फांदी लागते, उंच कडा लागतो, आणि तिचे पोळे एकच, पण भले मोठे असते. रानातला मध आणि मेण यांचा मोठा वाटा तिच्याकडून येतो. म्हणजे पेटीने प्रश्न घरापुरता सोडवला. रानात तो होता तिथेच राहिला.

रानातल्या या प्रश्नाला आज कायद्याची भाषा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाचा हक्क मान्य केला. हा कायदा आवश्यक होता आणि त्याने एका दीर्घ अन्यायाची भरपाई सुरू केली, याबद्दल दुमत असू नये. परंतु त्यातली गौण वनोपजाची व्याख्या वाचून भाषेचा अभ्यासक थबकतो. वनस्पतिजन्य अशा वनोपजाची यादी तिथे आहे : बांबू, झुडपे, वेत, तेंदूपाने, आणि त्यांच्याच रांगेत टसर, कोष, लाख, मध आणि मेण. रेशीमकिडा, लाखेचा किडा आणि मधमाशी हे तिन्ही जीव कायद्याच्या वाक्यात वनस्पती झाले. कायदा करणाऱ्यांचा हेतू यादी व्यापक करण्याचा होता आणि लोकांच्या दृष्टीने ते हिताचेच झाले. तरीही पोळे झाडाला ‘लागते’ तसे फळही ‘लागते’, एवढ्या साम्यावर हे वाक्य उभे आहे. त्यात मोहोळाला जागा नाही.

दुसरीकडे मोहोळ हा शब्द वृत्तपत्रांत उरला आहे तो भयापुरता. किल्ल्यांवर आणि लेण्यांत जाणाऱ्या तरुणांना हे सांगायला नको. अजिंठ्याच्या कड्यावर, सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या बुरुजांवर आग्या माश्यांची पोळी लागतात, आणि दर उन्हाळ्याच्या तोंडी कोठून ना कोठून ‘मधमाश्यांचा पर्यटकांवर हल्ला’ अशी बातमी येते. अशा प्रसंगी माणसे गंभीर जखमी होतात, दगावतातही. तेव्हा ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्याचे कारण नाही. गर्दीच्या पायऱ्यांवर पोळे असेल तर वाट काही काळ बंद करणे किंवा जाणकाराकडून ते हलवून घेणे योग्यच ठरते. प्रश्न ‘हल्ला’ या शब्दाचा आहे. हल्ला करणारा बाहेरून येतो. आग्या माशी ऋतूप्रमाणे स्थलांतर करते आणि वर्षानुवर्षे त्याच कड्यावर, त्याच झाडावर परत येते. दगड, धूर, फटाका, ढोल यांपैकी काहीतरी आधी तिच्यापर्यंत पोहोचलेले असते. बातमीची सुरुवात मात्र त्याच्या पुढच्या क्षणापासून होते. जुनी मराठी या घटनेला ‘मोहोळ उठले’ म्हणत होती. त्या वाक्यात कोणी कोणावर चाल करून गेलेले नाही. बसलेले कोणीतरी उठले आहे, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडी लगेच पुढचा प्रश्न येतो : उठवले कोणी?

एक बाजू ही की मोहोळाचे रूपांतर पोळ्यात करून ते वनोपजाच्या यादीत टाकले, दुसरी ही की मोहोळाचे रूपांतर हल्लेखोरात करून ते बातमीत टाकले. दोन्हींत रहिवासी हरवले. म्हणून हे दोन शब्द वेगळे ठेवणे ही शुद्धलेखनाची हौस नव्हे. संग्रहालयाच्या फलकावर, पाठ्यपुस्तकात, गडावरच्या सूचनेत कोणता शब्द वापरला आहे यावर वाचणाऱ्याचा हात दगडाकडे जातो की नाही, हे काही अंशी तरी ठरते. गडाच्या पायथ्याशी ‘वर मधमाश्यांची पोळी आहेत’ असे लिहिण्याऐवजी ‘वर आग्या मोहोळ बसले आहे’ असे लिहून पाहावे. पहिल्या वाक्याने वर पाहावेसे वाटते, दुसऱ्याने आवाज खाली येतो.

हे केवळ शब्दांत शक्य आहे, रानात नाही, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पवनीहून वैनगंगेच्या खालच्या अंगाला गेल्यावर मिळते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून ओळखले जाते. या गावाची पद्धत अशी की प्रत्येक प्रश्नाचा आधी अभ्यासगट बसवायचा. मधाचाही अभ्यास तिथे झाला. पूर्वी पोळ्याखाली जाळ करून मध काढत आणि त्यात माश्या जळत. लोकांनी पोळ्याची रचना नीट पाहिली. आग्या माशीच्या पोळ्यात मध असतो तो वरच्या, फांदीलगतच्या जाड भागात. अंडी-पिल्ले असतात ती खालच्या भागात. म्हणजे माकडाने पोळे उलटसुलट करून जे शोधले, ते इथे पोळे झाडावर असतानाच दिसत होते. अंगभर संरक्षक पोशाख घालायचा, माश्या न जाळता हळूच दूर सारायच्या, आणि फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा, अशी रीत तिथे रुजली. वर्ध्याच्या परिसरातील प्रशिक्षकांनीही आग्या माशीचा मध अशा पद्धतीने काढण्याचे शिक्षण विदर्भातल्या अनेक गावांना दिले आहे.

कापताना सुरी आडवी चालवावी लागत नाही. मधाचा भाग बाजूने मोकळा करून घेतात, पिल्लांचा भाग फांदीला धरून राहील एवढा जोड शिल्लक ठेवतात. मेण कमी मिळते, मध थोडा कमी मिळतो, वेळ जास्त लागतो. पण मधात पिल्लांचा रस मिसळत नाही, म्हणून तो लवकर आंबत नाही. आणि खाली पिल्ले शाबूत असल्यामुळे दूर झालेल्या माश्या बहुतेक वेळा ते पोळे टाकून जात नाहीत. त्या परत येऊन बसतात आणि कापलेल्या जागी नवे मेण लावू लागतात.